जास्त हवा, तेवढंच पेट्रोल? परफॉर्मन्स इंजिनचं गणित आणि तुमच्या गॅरेजचा धंदा



आपल्या बॅचमधल्या एका गॅरेजवाल्या मित्राला डिसेंबरमध्ये सकाळी साडेसात वाजता फोन आला. गिऱ्हाईक सावंतवाडीच्या पुढे, गोव्याच्या रस्त्याला उभं. "दादा, गाडी चालता चालता जाम झाली. मागचं चाक लॉक झालं, थोडक्यात वाचलो."

गाडी होती जुनी कार्ब्युरेटरवाली ३५० सीसी बुलेट. मे महिन्यात पुण्यात याच मित्राने ती "परफॉर्मन्स" करून दिली होती. हेडचं पोर्टिंग केलं, फ्री-फ्लो सायलेन्सर लावला, एअरबॉक्स काढून कोन फिल्टर बसवला आणि मेन जेट अंदाजाने एक नंबर मोठा टाकला. गाडी पुण्यात सात महिने मस्त पळाली. गिऱ्हाईक खूश होतं, त्याने आणखी दोन मित्रही पाठवले.

इंजिन उघडल्यावर पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेलं दिसलं. बोअर, पिस्टन, रिंगा, टेम्पोचं भाडं, सगळं मिळून अठरा हजार गेले, तेही मित्राच्या खिशातून. मूळ कामाची मजुरी त्याने साडेतीन हजार घेतली होती.

मला त्याने विचारलं, "सर, माझं चुकलं कुठे? सामान एक नंबर वापरलं होतं."

सामान चांगलंच होतं. चूक अशी की त्याने हवा वाढवली, पण पेट्रोल किती लागेल ते मोजलं नाही. आणि दुसरी चूक धंद्याची. मोजण्याचे पैसे त्याने कोटेशनमध्ये धरलेच नव्हते, त्यामुळे मोजायला त्याला परवडतही नव्हतं.

व्हिडिओमध्ये आकडे पटकन निघून गेले, अशी बऱ्याच जणांची तक्रार होती. म्हणून इथे सगळं सावकाश लिहितो. वही-पेन घ्या.

## १. इंजिन म्हणजे हवेचा पंप

पेट्रोल जास्त टाकलं की ताकद वाढते, असा खूप जणांचा समज आहे. आता बघा, पेट्रोल जळायला हवा लागते. आत जेवढी हवा येईल तेवढंच पेट्रोल जळेल, बाकीचं सायलेन्सरमधून बाहेर जाईल. म्हणून ताकद किती मिळणार हे हवा ठरवते. पेट्रोलचं काम त्या हवेला बरोबर साथ द्यायचं.

गणित सोपं आहे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. आपल्या मित्राच्या गाडीचा बोअर ७० एमएम आणि स्ट्रोक ९० एमएम, म्हणजे ३४६ सीसी. ५,००० आरपीएमला धरू:

- ३४६ × २,५०० = ८,६५,००० सीसी, म्हणजे मिनिटाला ८६५ लिटर.
- पण सिलिंडर कधी पूर्ण भरत नाही. फिल्टर, कार्ब्युरेटर, पोर्ट, व्हॉल्व्ह सगळे अडवतात. मूळ गाडी ८० टक्के भरते असं धरू. मग ६९२ लिटर.
- उन्हाळ्यात एक लिटर हवेचं वजन साधारण १.१५ ग्रॅम. म्हणजे मिनिटाला सुमारे ७९६ ग्रॅम हवा.

एका मिनिटात जवळपास पाऊण किलोच्या वर हवा! इंजिन पेट्रोलपेक्षा हवाच खातं, हे पोरांना शिकवताना हाच आकडा सांगा, डोक्यात पक्का बसतो.

## २. किती हवेला किती पेट्रोल

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १ ग्रॅमला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पण फुल थ्रॉटलला जास्तीत जास्त ताकद १४.७ वर मिळत नाही, ती १२.५ ते १३ च्या दरम्यान मिळते. थोडं जास्तीचं पेट्रोल हवेचा कण न् कण वापरून घेतं आणि आतली उष्णताही थोडी शोषतं.

आकडा मोठा म्हणजे गाडी लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आकडा लहान म्हणजे रिच.

आता आपल्या इंजिनला ७९६ ग्रॅम हवा, १२.८ चं प्रमाण. ७९६ भागिले १२.८ म्हणजे ६२ ग्रॅम. पेट्रोलचं वजन लिटरला सुमारे ७४० ग्रॅम, म्हणजे मिनिटाला ८४ मिली.

हा झाला जुना हिशेब. आता यात दोन गोष्टी बदला.

पहिली, ई२०. आज पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते. शुद्ध इथेनॉलचं प्रमाण फक्त ९ च्या आसपास. ई२० चं येतं साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला ई२० जास्त द्यावं लागतं. आपल्या इंजिनला ८४ मिलीच्या जागी ९० मिली. जुन्या कार्ब्युरेटरला हे कळत नाही. तो जुन्याच भोकातून तेवढंच सोडतो, आणि गाडी काहीही न करता थोडी लीन झालेली असते.

दुसरी, तुमचं काम. पोर्टिंग, फिल्टर, सायलेन्सर यांनी भराव ८० वरून ९० टक्क्यांवर गेला असं समजा. हवा झाली ८९५ ग्रॅम. ई२० वर तिला लागणार १०२ मिली.

८४ वरून १०२. एकवीस टक्क्यांनी जास्त! आणि आपल्या मित्राने जेट टाकला होता "एक नंबर मोठा".

## ३. "सर, कार्ब्युरेटर आपोआप जास्त देत नाही का?"

हा प्रश्न दर बॅचमध्ये येतो, आणि प्रश्न बरोबर आहे. हवा जोरात गेली की कार्ब्युरेटरच्या गळ्यात दाब कमी होतो, फ्लोटच्या वाटीवर बाहेरच्या हवेचा दाब असतो, आणि या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. म्हणजे हवा वाढली की ओढ वाढायला पाहिजे.

पण एअरबॉक्स काढल्यावर काय होतं ते बघा. मूळ फिल्टर आणि त्याचं लहान तोंड हवेला थोडं अडवत होतं. त्या अडवण्यामुळे गळ्यात जास्तीची ओढ तयार होत होती, आणि कंपनीने जेटचा नंबर ती ओढ धरूनच ठरवला होता. तुम्ही अडथळा काढला. हवा मोकळी झाली, ओढ कमी झाली. म्हणजे हवा वाढली आणि त्या मानाने पेट्रोल घटलं. कोन फिल्टर लावल्यावर गाडी लीन होते ती यामुळे.

मोठा कार्ब्युरेटर लावला तर हेच आणखी होतं. २९ एमएमच्या जागी ३२ एमएम लावला, फक्त ३ एमएमचा फरक. पण क्षेत्रफळ जवळपास २२ टक्क्यांनी वाढलं. तेवढीच हवा असेल तर तिचा वेग १८ टक्क्यांनी कमी झाला, आणि ओढ वेगाच्या वर्गात चालत असल्यामुळे ती जवळपास एक तृतीयांश घटली. मग खालच्या आरपीएमला थ्रॉटल पिळला की गाडी "भ्वॉक" करून बसते. सिग्नलला उठत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, एवढे पैसे घालून गाडी मंद केली!

म्हणून रस्त्यावरच्या गाडीला मोठ्यात मोठा कार्ब्युरेटर लावायचा नाही. ज्या आरपीएमला गाडी रोज चालते, तिथे हवेचा वेग टिकला पाहिजे.

## ४. अडते कुठे, ते आधी शोधा

आपण धंद्यात शिकतो ना, चार मशीनची लाइन असेल तर माल सगळ्यात हळू मशीनच्या वेगाने बाहेर पडतो. बाकीची तीन कितीही भारी असोत. इंजिनमध्येही तसंच आहे. हवेची वाट अशी:

फिल्टर → कार्ब्युरेटर → इनटेक पोर्ट → व्हॉल्व्ह → सिलिंडर → एक्झॉस्ट व्हॉल्व्ह → पाइप → सायलेन्सर.

व्हॉल्व्ह तेच, कॅम तोच, आणि तुम्ही फक्त सायलेन्सर मोकळा केला, तर आवाज वाढेल, ताकद फारशी नाही. पोर्ट चकचकीत करून मोठा केला आणि व्हॉल्व्हच्या सीटजवळ वळण तसंच ठेवलं, तर हवा तिथेच अडणार. पोर्ट गरजेपेक्षा मोठा केला तर वेग जातो, आणि हेडमधून काढलेला धातू परत भरता येत नाही.

माझा सल्ला असा, की आधी मूळ गोष्टी ठीक करा. व्हॉल्व्ह नीट बसतात का, टॅपेटची गॅप बरोबर आहे का, कॉम्प्रेशन किती आहे, इग्निशनचं टायमिंग काय आहे. थकलेलं इंजिन नुसतं नीट बांधून दिलं तरी निम्म्या गिऱ्हाइकांना ती गाडी "परफॉर्मन्स" वाटते, आणि त्यात तुमची जोखीमही कमी.

## ५. पेट्रोल टाकीतून जेटपर्यंत पोहोचतं का?

आपण लगेच जेटवर उडी मारतो. पण जेटपर्यंत पेट्रोल आलंच नाही तर मोठा जेट काय करणार?

तपासायची पद्धत साधी आहे. इंजिन थंड हवं, आजूबाजूला विडी, सिगारेट, वेल्डिंग काही नको. कार्ब्युरेटरचा पेट्रोल पाइप काढा, मापाच्या बाटलीत सोडा, कॉक सुरू करा, एक मिनिट मोजा. आपल्या इंजिनला १०२ मिली लागतात. त्याच्या दुप्पट, म्हणजे २०० मिलीच्या वर आलं पाहिजे. आणि हे टाकी भरलेली असताना मोजू नका. पेट्रोल रिझर्व्हच्या जवळ असताना मोजा, कारण वरून दाब तेव्हा सगळ्यात कमी असतो.

कमी आलं तर क्रमाने बघा:

- टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलंय का (झाकण उघडं ठेवून परत मोजा, फरक लगेच दिसेल)
- कॉकची जाळी गंजाने भरलीय का
- पाइप कुठे दबलाय का, इथेनॉलने आतून फुगलाय का
- फ्लोटची सुई अडकतेय का, फ्लोटची उंची बरोबर आहे का

पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीची वाटी काढून नक्की बघा. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, तळाला पाणी साचतं, आणि मेन जेट पाणी ओढतो. पोरं बिचारी जेटचे नंबर बदलत बसतात.

## ६. जेटिंग: कुठल्या थ्रॉटलला कोण काम करतं

साध्या स्लाइडच्या कार्ब्युरेटरमध्ये ढोबळ वाटणी अशी आहे. सीव्ही कार्ब्युरेटरमध्ये स्लाइड व्हॅक्यूमवर वर येते, पण कल्पना तीच.

- आयडल ते पाव थ्रॉटल: पायलट जेट आणि मिक्स्चर स्क्रू. सुरुवातीला स्लाइडचा काप.
- पाव ते पाऊण: नीडल आणि तिच्या क्लिपची खाच.
- पाऊण ते फुल: मेन जेट.

आपल्या मित्राच्या गाडीचा घोटाळा आता कळेल. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी नव्वद टक्के वेळ पाव थ्रॉटलला चालते. तिथे पायलट जेट आणि नीडल काम करत होते आणि ते ठीक होते. मेन जेट कमी पडतोय हे सात महिने कुणाला कळलंच नाही. कळलं ते कोकणातल्या सरळ रस्त्यावर, वीस मिनिटं फुल थ्रॉटल धरल्यावर.

जेटचे नंबर वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळ्या पद्धतीने असतात. काहींचा नंबर भोकाचा व्यास सांगतो, काहींचा वाहणारं पेट्रोल. व्यासाचा नंबर असेल तर १०० वरून १०५ म्हणजे पाच टक्के नव्हे, जवळपास दहा टक्के जास्त पेट्रोल. दोन कंपन्यांचे जेट एकाच डबीत ठेवत असाल तर आजच वेगळे करा.

ट्यूनिंगचा क्रम असा ठेवा:

१. कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या रबराला भेग आहे का बघा. आयडलला तिथे कार्ब्युरेटर क्लीनरचा हलका फवारा मारा, गरम सायलेन्सरपासून लांब. आरपीएम बदलला तर तिथून हवा शिरतेय. हे न बघता जेटिंग करणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी मोजणं.

२. सुरुवात नेहमी रिच बाजूने करा. मुद्दाम मोठा मेन जेट टाका आणि एक एक पायरी खाली या. रिच गाडी धूर काढेल, प्लग काळा करेल, पण लगेच पिस्टन खाणार नाही. लीन गाडी दुसरी संधी देत नाही.

३. मेन जेट आधी, मग नीडल, मग पायलट. कारण मेन जेट बदलला की नीडलच्या भागावर परिणाम होतो.

४. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत.

पण रिचच ठेवली म्हणजे सुटलो, असंही नाही. कायम रिच चालणारी गाडी सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढते, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, रिंगा लवकर जातात. आयडल रिच असेल तर पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड जास्त येऊन गाडी नापास होईल.

## ७. प्लगचा रंग बघून चालणार नाही

"सर, आमचे वस्ताद प्लग बघून सांगायचे." मान्य. तो अनुभव मोठा आहे. पण आजच्या पेट्रोलमध्ये प्लगवर रंग हळू चढतो, आणि शहरातून चालवत आणलेल्या गाडीचा प्लग तुम्हाला शेवटच्या सिग्नलची कहाणी सांगतो, फुल थ्रॉटलची नाही.

त्यासाठी वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर घ्या. एक्झॉस्ट पाइपवर हेडपासून थोड्या अंतरावर नट वेल्ड करून बसवतात. त्यावर आकडा लॅम्ब्डामध्ये वाचायची सवय लावा. लॅम्ब्डा १ म्हणजे हवा-पेट्रोल बरोबर जुळलेलं, मग ते पेट्रोल असो की ई२०. इंधन बदललं तरी तुमचं लक्ष्य बदलत नाही.

हवेवर थंड होणाऱ्या रस्त्यावरच्या सिंगल सिलिंडरसाठी मी पोरांना सांगतो ते आकडे:

- फुल थ्रॉटल: ०.८५ ते ०.८८
- एकसारख्या वेगाने जाताना: ०.९५ ते १
- आयडल: ०.९२ च्या आसपास, आणि पीयूसी पास

पाइपच्या जोडावर गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खोटं लीन दाखवतो. तोकड्या, उघड्या पाइपवरही आयडलला असंच होतं. आधी गॅस्केट बदला, मग आकड्यावर विश्वास ठेवा.

फुल थ्रॉटलची चाचणी डायनोवर करा. तासाच्या भाड्याने मिळतो. हायवेवर, मीटरकडे बघत, हेल्मेट न घालता पोराला पाठवणं बंद करा. पोरगं घरी परत गेलं पाहिजे, जेटिंग नंतर बघू.

## ८. मे महिन्यातलं पुणं आणि डिसेंबरमधलं कोकण

मे महिन्यातल्या दुपारी पुण्यात ३८ अंश. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे हवेचा दाब कोकणापेक्षा सुमारे सात टक्के कमी. गाडी या पातळ हवेत ट्यून केली. डिसेंबरच्या पहाटे ती कोकणात उतरली. तिथे १९-२० अंश आणि समुद्राजवळची दाट हवा.

दोन्ही मिळून हवेची घनता जवळपास १३ ते १४ टक्क्यांनी वाढली. कार्ब्युरेटर त्यातली निम्मी वाढ स्वतः सांभाळतो, कारण दाट हवेने ओढही थोडी वाढते. उरलेले सहा-सात टक्के गाडी लीन होते. म्हणजे पुण्यात १३.२ वर असलेली गाडी तिथे १४ ला पोहोचली. वर ई२०, वर काढलेला एअरबॉक्स, वर फुल थ्रॉटल. पिस्टन वाचायला जागाच नव्हती.

उलटंही होतं. मुंबईत ट्यून केलेली गाडी महाबळेश्वरला गेली की तिथल्या पातळ हवेत रिच होते, दम खाते. त्याने इंजिन जात नाही, फक्त मजा जाते.

म्हणून कार्ब्युरेटरची गाडी देताना विचारा, "दादा, गाडी कुठे कुठे नेणार?" आणि उन्हाळ्यात ट्यून करताना मेन जेट काठावर सोडू नका, एक पायरी रिच ठेवा. त्या पायरीने अर्धा हॉर्सपॉवर गेला तरी चालेल.

## ९. इंजेक्शनवाल्या गाड्या

"मग इंजेक्शनला काही टेन्शन नाही!" असं म्हणू नका.

ईसीयू तापमान आणि दाब बघून पेट्रोल बदलतो, हे खरं. आयडलला आणि सावकाश चालताना ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतो, हेही खरं. पण कंपनीचा साधा सेन्सर फक्त लॅम्ब्डा १ च्या आसपासच नीट सांगू शकतो. फुल थ्रॉटलला ईसीयू त्याचं ऐकणं सोडतो आणि मेमरीतल्या तक्त्यावर चालतो. तो तक्ता मूळ फिल्टर आणि मूळ सायलेन्सरचा आहे. म्हणजे शहरात सगळं ठीक आणि फुल थ्रॉटलला लीन, पुन्हा तीच कहाणी.

दुसरा मुद्दा इंजेक्टरचा. इंजेक्टर कायम उघडा ठेवता येत नाही, ८० टक्के वेळ उघडा ही सुरक्षित मर्यादा धरा. आपल्या इंजिनला १०२ मिली लागतात, तर इंजेक्टर १०२ भागिले ०.८, म्हणजे मिनिटाला किमान १२८ मिलीचा हवा. कुणी म्हणेल, पंपाचा दाब वाढवू. पण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. दाब ३ वरून ३.५ बार केला तर पेट्रोल फक्त आठ टक्के जास्त मिळतं. आणि पंपाला ते झेपलं पाहिजे.

## १०. आता धंद्याचं बोलू

आपल्या मित्राने कोटेशन दिलं होतं एका ओळीचं: "परफॉर्मन्स काम, मजुरी ३,५००." त्यात मोजणी नव्हती, म्हणून ती झाली नाही.

यापुढे कोटेशन तीन ओळींचं करा:

ओळ १: तपासणी. कॉम्प्रेशन, टॅपेट, टायमिंग, गळती, पेट्रोलचा प्रवाह. याचे पैसे आधी घ्या. इंजिन थकलेलं निघालं तर काम तिथेच थांबेल, पण तुमचा वेळ फुकट जाणार नाही.

ओळ २: सामान आणि बसवणी. हे तुम्ही आजही लावताच.

ओळ ३: मोजून ट्यूनिंग. डायनोचं भाडं, तुमचे तास, जेटचा संच, आणि वाइडबँडचा वाटा. सेन्सरची किंमत तीस जॉबवर वाटा. प्रत्येक जॉबवर तो वाटा लावला की एकतिसाव्या जॉबपासून ते मशीन तुमच्यासाठी कमवायला लागतं.

गिऱ्हाईक म्हणालं, "तिसरी ओळ काढा, कमी करा," तर काय करायचं? काम घ्यायचं नाही. ओळ तीन नसेल तर ओळ दोन नाही. अवघड वाटेल. पण साडेतीन हजार मिळवून अठरा हजार घालवण्यापेक्षा "नाही" म्हणणं स्वस्त आहे.

आणि एक गोष्ट लपवू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बोअर किट टाकून सीसी वाढवली की आरसीवरचा आकडा खोटा झाला. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, काढलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ही कामं रस्त्यावरच्या गाडीला करू नका. रेसट्रॅकची गाडी असेल तर जॉबकार्डवर तसं लिहून सही घ्या.

## गाडी देण्याआधी भिंतीवर लावायची यादी

१. कॉम्प्रेशन आणि टॅपेट वहीत लिहिले
२. इनटेकच्या रबराला आणि एक्झॉस्टच्या जोडाला गळती नाही
३. रिझर्व्हजवळ पेट्रोलचा प्रवाह गरजेच्या दुप्पट
४. फुल थ्रॉटल लॅम्ब्डा ०.८५ ते ०.८८, प्रिंट किंवा फोटो जॉबकार्डला जोडला
५. ज्या दिवशी ट्यून केली त्या दिवसाचं तापमान आणि गाव लिहिलं
६. पीयूसी पास
७. ५०० किलोमीटरनंतर परत बोलावलं, तारीख दिली

आपला मित्र आता काय करतो सांगतो. त्याने मोजणीशिवाय काम घेणं बंद केलं. पहिले दोन महिने जॉब कमी झाले, तो घाबरलाही. सावंतवाडीहून फोन करणारं ते गिऱ्हाईक मात्र परत आलं. गाडी दुरुस्त करून, डायनोवर मोजून, त्याने लॅम्ब्डाच्या कागदासकट दिली. डिसेंबर परत आला, गाडी परत गोव्याला गेली. सकाळी साडेसातला फोन वाजला तेव्हा मित्राच्या पोटात गोळा आला.

गिऱ्हाईक म्हणालं, "दादा, पोहोचलो. चहा पितोय."

तुमच्या गॅरेजमधून गेलेल्या शेवटच्या तीन "परफॉर्मन्स" गाड्या आठवा. त्यातली एखादी न मोजता दिली असेल तर आज त्या माणसाला स्वतःहून फोन करा आणि गाडी तपासायला बोलवा. तो फोन तुम्हालाच स्वस्त पडेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काम मोजून करा, पैसे मोजून घ्या!